वाऱ्याकडे तोंड करून

कर्लीच्या काठावर, साध्या लेन्सने, हातात कॅमेरा धरून उडते पक्षी टिपताना

वालावलला आल्यावर कर्ली नदी संथ होते. सह्याद्रीवरून उतरून आलेली ही नदी इथे पात्र पसरते, भरतीचं खारं पाणी आत घेते आणि पुढे देवबागला समुद्राला मिळते. अलीकडचा काठ कुडाळ तालुक्याचा, पलीकडचा मालवणचा. दोन्ही अंगांना माड-पोफळी, पाण्याच्या कडेला कांदळवन, आणि सुकती लागली की उघडा पडणारा चिखल. लोक येतात ते लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेला तलाव पाहायला. पण हिवाळ्यात सकाळी कोणी नदीच्या धक्क्यावर तासभर उभा राहिला, तर ब्राह्मणी घार, बगळे, पाणकावळे, तीन-चार जातींचे खंड्या आणि नशीब असेल तर समुद्री गरुडही त्याच्या डोक्यावरून जातो.

हे पक्षी बसलेले असताना टिपणं सोपं आहे. उडताना टिपणं अवघड आहे, आणि त्याला दहा लाखांच्या वरची, तीन-चार किलोंची लेन्स आणि भक्कम तिकाटणं लागतं, असा समज पक्का बसलेला आहे. कुडाळ-मालवण पट्ट्यात हातात कॅमेरा असलेली मुलं बरीच आहेत. कोणी लग्नाचे फोटो काढतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी पर्यटकांना होडीतून फिरवतं. त्यांच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची झूम असते, फार तर कोणाचीतरी वापरलेली १५०-६००. आपलं साहित्य या कामाचं नाही असं मानून ती धनेशाचा किंवा घारीचा फोटो काढायला जात नाहीत. या लेखात मला त्यांच्याशी बोलायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे : उडत्या पक्ष्याचं चित्र वारा, पाणी, ऊन आणि पक्ष्याची सवय यांच्या जाणतेपणातून येतं. ती जाण वालावलच्या माणसाकडे लेन्स घेण्याच्या आधीपासून असते. लेन्स हलकी आणि साधी असली तर ती त्याच्या कामाला उलट अधिक येते.

वारा आणि तिथी

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. समोरून येणारी हवा पंखाला उचल देते, त्यामुळे कमी कष्टात जमीन सोडता येते आणि उतरताना वेगही आवरता येतो. म्हणून फोटो काढणाऱ्याचा पहिला प्रश्न पक्षी कुठे आहे हा नसून वारा कुठून आहे हा असतो.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात या नियमाला सूर्याची साथ मिळते. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो. त्यामुळे पहाटेपासून साधारण नऊ-दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. म्हणजे वारा पूर्वेकडून, आणि सूर्यही पूर्वेला. सूर्य पाठीशी घेऊन तुम्ही पश्चिमेकडे बघत उभे राहिलात, तर समोरच्या चिखलातून उठणारा बगळा वाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने तोंड करून उठेल, आणि ऊन थेट त्याच्या डोळ्यावर, छातीवर पडलेलं असेल. दुपारी जमीन तापली की चक्र उलटतं. समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि चार वाजेपर्यंत सूर्यही पश्चिमेला कललेला असतो. आता जागा बदलायची. पश्चिमेच्या बाजूला जाऊन पूर्वेकडे बघायचं. पक्षी पुन्हा तुमच्याकडेच येणार आणि ऊन पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर असणार. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा वारा आणि ऊन एकाच बाजूने यावेत हा पश्चिम किनाऱ्याचा मोठा फायदा आहे. पूर्व किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा पश्चिमेकडून आणि सूर्य समुद्रातून वर, म्हणजे बरोबर समोरासमोर.

इथल्या होडीवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. "वारो खंयसून येता ता आधी बग," वल्हं थांबवून होडीवाले काका सांगतात, "पाखरू थंयच तोंड करून उठतला." शहरातून आलेला छायाचित्रकार चार हिवाळे घालवून जे शिकतो, ते या एका वाक्यात आहे.

दुसरं गणित पाण्याचं. किनाऱ्यावर तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब अजून वापरात आहे. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला साधारण सव्वाअकराला. वालावल संगमापासून आत असल्यामुळे इथे पाणी थोडं उशिरा चढतं. हे कळलं की दिवस निवडता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती दुपारच्या सुमाराला येते, म्हणजे सकाळी उन्हं कोवळी असताना आणि पुन्हा संध्याकाळी चिखल उघडा असतो आणि बगळे-तुतवार त्यावर चरत असतात. सकाळी पाणी चढायला लागलं की चिखलाची पट्टी आखडत जाते, पक्षी काठाकडे सरकतात आणि शेवटी उठून दुसरीकडे जातात. ज्याला भरतीची वेळ माहीत आहे, त्याला ते कधी उठतील हे आधी माहीत असतं. त्याने त्यांच्या मागे धावायचं कारण नाही. आधीच जागा धरून बसायचं.

बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

उडता पक्षी हातात धरलेल्या यंत्राने टिपण्याची कल्पना आजची नाही. एतियेन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पक्ष्याचा पंख नेमका कसा हलतो याचा शोध घेत होता. १८८२ साली त्याने एक छायाचित्रण-बंदूक तयार केली. खांद्याला लावायचा दस्ता, लांब नळी, नळीत भिंग आणि मागे फिरणाऱ्या चकतीवर काच. घोडा दाबला की एका सेकंदात बारा चित्रं उमटत, प्रत्येक चित्र सेकंदाच्या सातशेविसाव्या भागाचं. नेपल्सजवळच्या समुद्रकाठी तो ही बंदूक घेऊन पक्ष्यांवर नेम धरत असे आणि एकही पक्षी पाडत नसे, म्हणून तिथले लोक त्याला खुळा म्हणत असं सांगतात. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, ओटोमार आन्शुट्झ या जर्मन छायाचित्रकाराने करकोच्यांची उड्डाणं टिपली. विमानविद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या ओटो लिलिएंथालने पक्ष्यांच्या उड्डाणावरचा ग्रंथ १८८९ मध्ये काढला, आणि पुढे आन्शुट्झनेच खुद्द लिलिएंथालची हवेतली छायाचित्रं घेतली. माणूस उडायला शिकला त्यात उडत्या पक्ष्यांच्या फोटोंचा वाटा आहे.

भारतात मात्र पक्ष्यांचं छायाचित्रण बराच काळ घरट्यापाशी अडकून राहिलं. ई. एच. एन. लाउदर यांचं भारतातल्या पक्षी-छायाचित्रणाच्या अनुभवांचं पुस्तक १९४९ साली आलं. त्या काळात कॅमेरा जड, फिल्म मंद. पक्षी परत परत एकाच ठिकाणी येईल अशी खात्री फक्त घरट्यावर होती, म्हणून आडोसा बांधून तिथे बसायचं. त्याची किंमत पुष्कळदा पिल्लांनी मोजली.

परिस्थिती बदलली ती डिजिटल कॅमेऱ्यामुळे, आणि सामान्य माणसासाठी बदलली ती २०१३ च्या अखेरीनंतर. टॅम्रॉनने १५०-६०० मिलिमीटरची झूम जाहीर केली, वजन दोन किलोंच्या आत. २०१५ मध्ये सिग्माची तशीच १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० आली. मोठ्या कंपन्यांच्या ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्सच्या किमतीच्या छोट्याशा भागात तेवढाच लांबचा पल्ला मिळू लागला. २०२१ मध्ये कॅननची अवघ्या ६३५ ग्रॅमची १००-४०० आली. आज जुन्या बाजारात यातल्या बहुतेक लेन्स मोटारसायकलीपेक्षा कमी पैशांत मिळतात.

लांबी किती पुरे

नवखा माणूस पहिलं विचारतो ते हेच, की किती मिलिमीटर हवी. उत्तर मोजून देता येतं.

ब्राह्मणी घारीचे पसरलेले पंख सुमारे सव्वा मीटरच्या आत भरतात. साध्या कॅमेऱ्यातला सेन्सर एपीएस-सी मापाचा असतो. त्यावर ६०० मिलिमीटर लावली आणि घार तीस मीटरवर असली, तर चौकटीची रुंदी होते जेमतेम एक मीटर वीस सेंटिमीटर. पक्षी कडेला कडा लागून बसतो. आता ही घार ताशी पस्तीस किलोमीटरच्या साध्या चालीने आडवी जात असेल, तर न हलवलेल्या कॅमेऱ्याच्या चौकटीतून ती सेकंदाच्या आठव्या भागात बाहेर पडते. त्याच जागी २५० मिलिमीटरची लेन्स असली, तर चौकट अडीच मीटरहून मोठी होते आणि घार दुपटीहून जास्त वेळ आत राहते. पक्षी चित्रात लहान येईल, पण येईल. नंतर कडा कापून मोठा करता येतो. चौकटीबाहेर गेलेला पंख कोणी परत आणू शकत नाही.

म्हणून ज्याच्याकडे ५५-२५० आहे त्याने तीच वापरावी, आणि जवळ जायची सोय पाहावी. कर्लीत ती सोय होडी आहे. इंजिन बंद करून ओहोटीच्या ओघात होडी सोडली की काठावरचे बगळे बरंच जवळ येऊ देतात. ज्याच्याकडे १५०-६०० आहे त्याने तीनशेच्या आसपास झूम ठेवून पक्षी शोधावा, चौकटीत स्थिर झाल्यावर मग पुढे वाढवावं.

वजनाचा हिशेबही इथेच लागतो. कॅननची ५५-२५० पावणेचारशे ग्रॅमची. १५०-६०० जातीच्या लेन्स दोन किलोंच्या आसपास. कॅमेरा धरून अडीच-तीन किलो झाले की दहा मिनिटांत डावा हात भरून येतो, आणि भरून आलेला हात सर्वांत आधी नेम चुकवतो. मोठी लेन्स सतत डोळ्याला लावून ठेवायची नाही. ती छातीशी खाली धरायची, नजर उघडी ठेवायची, पक्षी आपल्या वाटेला लागला की वर आणायची. डावा हात लेन्सच्या खाली, कॅमेऱ्याजवळ नाही तर जरा पुढे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. पाय खांद्याइतके पसरून, तोंड जिथे पक्षी पोचणार त्या दिशेला. सुरुवातीला कंबर वळवलेली असावी आणि शेवटी सरळ व्हावी. उलट केलं तर ऐन वेळी शरीर अडतं. होडीत उभं राहायचं नाही, फळीवर बसून हेच करायचं.

रापणीवरची घार

सरावाला देवबाग, तारकर्ली, भोगवे या बाजूंच्या किनाऱ्यासारखी जागा नाही. सकाळी रापण ओढायला सुरुवात होते. दोन्ही बाजूंचे दोर हळूहळू जवळ येतात, जाळं उथळ पाण्यात आलं की आकाशात घारी जमतात, वाळूवर बगळे आणि कावळे, हिवाळ्यात पाण्यावर कुरव. मासा जाळ्यातून उडाला की घार वरून तिरकी येते. ती पाण्यात बुडत नाही. पृष्ठभागावरून पंज्याने मासा उचलते, दोन-तीन जोरदार फटकारे मारते आणि कधी कधी उडता उडताच पंजा चोचीकडे नेऊन खायला लागते.

आता एवढ्या वेळात काय काय करायचं ते बघा. कॅमेरा आधीच सततच्या फोकसवर ठेवलेला. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन-सोनीत एएफ-सी. शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग. लेन्सवर अंतर मर्यादित करणारी कळ असली तर ती लांबच्या बाजूला, म्हणजे फोकस जवळच्या वाळूपर्यंत भटकत जात नाही. घार वर घिरट्या घालत असतानाच एकदा तिच्यावर फोकस घेऊन ठेवायचा. हे पूर्वफोकसचं काम साध्या लेन्ससाठी सर्वांत महत्त्वाचं. या लेन्सची मोटर मंद असते. दहा मीटरवरून शंभर मीटरवर जायला ती वेळ घेते, आणि तेवढ्यात घार मासा घेऊन गेलेली असते. आधीच फोकस जवळपास असेल तर तिला थोडंच सरकायचं असतं. जुन्या डीएसएलआरमध्ये मधला एकच बिंदू किंवा त्याच्याभोवतीचा छोटा गट निवडावा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय स्वस्त मॉडेलांतही आली आहे. ती उपयोगी आहे, पण मागे माडांची गर्दी असली तर तीही गोंधळते.

घार तिरकी झाली की लेन्स तिच्यासोबत वळवायला लागायचं, बटण दाबायचं नाही. ती पाण्याला टेकण्याच्या जरा आधी दाबायचं आणि दाबून झाल्यावरही लेन्स वळवत राहायची. बहुतेकांचा फोटो हलतो तो इथे. बटण दाबताना हात थांबतो. लेन्समधलं कंपनरोधक यंत्र हात थरथरला तर मदत करतं, पक्षी हलला तर करत नाही. त्यामुळे दोन हजाराव्या भागाला त्याच्यावर विसंबून राहण्याची गरज नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करावी. ४०० मिलिमीटर, एफ/६.३, पक्षी वीस मीटरवर, असं असेल तर एपीएस-सी कॅमेऱ्यात स्पष्ट येणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम दोन फूट असते. घार तिरकी असेल तर एका पंखाचं टोक धूसर येणारच. डोळा आणि चोच स्पष्ट असेल तर चित्र उत्तम समजावं.

अधांतरी थांबलेला खंड्या

ज्याला घार जमत नाही त्याने कवड्या खंड्यापासून सुरुवात करावी. काळ्या-पांढऱ्या कवड्यांचा हा पक्षी कर्लीच्या उघड्या पाण्यावर दिसतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच आणि तोही मध्ये तुटलेला. याचं वैशिष्ट्य म्हणजे तो हवेत एका जागी थांबतो. वाऱ्याकडे तोंड, शेपूट खाली, चोच सरळ पाण्याकडे. पंख इतक्या वेगाने हलतात की डोळ्याला फक्त धुकं दिसतं, पण डोकं जागचं हलत नाही. मासा नेमका दिसला की पंख मिटून सरळ खाली. चुकला तर पुन्हा वर, थोडं पुढे, पुन्हा थांबतो.

फोटो काढणाऱ्याला याहून उदार पक्षी नाही. लेन्स वळवावी लागत नाही, फोकसला वेळ मिळतो. शटर मात्र अडीच हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान लागतं. इथे पुष्कळांना भीती वाटते की एफ/६.३ च्या अंधाऱ्या लेन्सला एवढा वेग परवडणार नाही. भर उन्हाचा जुना नियम लावून बघा. आयएसओ १०० ला एफ/१६ वर शटर शंभरावा भाग. एफ/६.३ ला तेवढाच प्रकाश सेकंदाच्या सुमारे सहाशेचाळिसाव्या भागात मिळतो. आयएसओ ४०० केलं की अडीच हजारावा भाग मिळाला. कोवळ्या उन्हात आयएसओ हजार-बाराशे लागेल. आजचा कोणताही साधा कॅमेरा तिथपर्यंत स्वच्छ चित्र देतो. किनाऱ्यावर ऊन भरपूर आहे. महागडी लेन्स जो प्रकाश विकत देते तो इथे डिसेंबरात आकाशातून फुकट पडतो.

पांढरा बगळा, काळं कांदळवन

प्रकाश मोजण्याचं काम मात्र कॅमेऱ्यावर सोडू नये. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्याची सरासरी काढतो. पांढरा बगळा काळपट कांदळवनासमोरून गेला की तो कांदळ उजळायला बघतो आणि बगळ्याची पिसं चुन्यासारखी सपाट पांढरी होतात, त्यातली एकही रेघ उरत नाही. तोच बगळा वर आकाशात गेला की कॅमेरा आकाश बघून चित्र काळवंडतो. बगळ्यावर पडणारं ऊन दोन्ही ठिकाणी सारखंच असतं. म्हणून मॅन्युअल मोड लावावा, एखाद्या बसलेल्या बगळ्यावर किंवा उन्हातल्या पांढऱ्या होडीवर चाचणी घेऊन आकडे ठरवावेत आणि ढग येईपर्यंत ते बदलू नयेत. घारीसारख्या गडद तांबूस पक्ष्यासाठी त्याहून थोडा जास्त प्रकाश द्यावा, कारण तिच्या पंखाखालच्या सावलीतच सगळा तपशील असतो.

साध्या लेन्सच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. कवड्या धनेश, ज्याला इथे माडगरुड म्हणतात, वालावलच्या आणि धामापूरच्या गर्द झाडीत फळांवर येतो. तो निघाला की पंखांचा सूं-सूं आवाज आधी ऐकू येतो. चार-पाच फटकारे आणि मग तरंगणं, पुन्हा फटकारे, असा त्याचा प्रवास. झाडीतल्या अंधारात एफ/६.३ ला हजारावा भाग मिळवायचा तर आयएसओ सहा हजारांच्या पुढे जातं आणि पिसं दाणेदार होतात. अशा वेळी दोन मार्ग. एक, तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना तलावावरचं किंवा नदीवरचं उघडं आकाश ओलांडतो, तिथे थांबावं. धनेशाच्या वाटा ठरलेल्या असतात. दुसरा, शटर मुद्दाम साठाव्या भागापर्यंत खाली आणून लेन्स त्याच्या गतीने वळवावी. मागची झाडं रेघांसारखी पसरतात, पंख धूसर होतात आणि डोकं स्पष्ट राहिलं तर उड्डाणाचा वेग चित्रात उतरतो. यात बरेच फोटो वाया जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

कोकणातली लेन्स सांभाळणं

इथल्या लेन्सचा मोठा शत्रू बुरशी आहे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात राहते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत चार महिने ठेवलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू धरतात, आणि ते काढायचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीएवढा होतो. लांब होणारी झूम लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते, त्यामुळे ती जास्त धोक्यात. कोरडं कपाट परवडत असेल तर त्यात चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेवर ठेवावी. परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून घ्याव्यात. जी लेन्स रोज उजेडात बाहेर निघते तिला बुरशी सहसा लागत नाही. वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

किनाऱ्यावरून आल्यावर लेन्स आणि कॅमेरा ओलसर फडक्याने पुसून मग कोरड्याने पुसावा. मिठाचे कण झूमच्या खाचेत जाऊन बसतात. आणि दहा-अकरानंतर लांबच्या पक्ष्यांचा नाद सोडावा. तापलेल्या वाळूवरून आणि पाण्यावरून हवा थरथरायला लागते, आणि त्या थरथरीतून महागातली महाग लेन्ससुद्धा स्पष्ट चित्र देत नाही.

काय करू नये

मासा किंवा कोंबडीचे तुकडे फेकून घारी जमवायच्या आणि त्यांचे फोटो काढायचे, हा प्रकार पर्यटनाच्या ठिकाणी वाढतो आहे. कुरवांना शेव-फरसाण टाकणंही त्यातलंच. रापणीवर घारी आपल्या आपण येतात. त्यांना वेगळं आमिष दाखवण्याचं काही कारण नाही.

समुद्री गरुडाच्या घरट्याच्या बाबतीत तर अधिक काळजी हवी. हा पक्षी उंच झाडावर काटक्यांचा मोठा डोलारा बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकण किनाऱ्यावरच्या या घरट्यांची पाहणी केली आहे, आणि वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरच्या पाकोळ्यांची घरटी चोरीपासून वाचवण्याचं कामही केलं आहे. घरट्याखाली गर्दी झाली की जोडी उठते, अंडी-पिल्लं उघडी पडतात, कावळे टपलेले असतात. म्हणून घरट्याचं ठिकाण कोणत्याही फोटोखाली लिहू नये. उडता गरुड खाडीवर मासे धरताना टिपता येतो. त्यासाठी घरट्यापर्यंत जावं लागत नाही, हाच तर उड्डाण टिपण्याच्या कलेचा सर्वांत मोठा गुण आहे.

पंख उघडल्यावर कळणारी गोष्ट

एकोणिसाव्या शतकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम वेंगुर्ल्याच्या बेटांवर गेला तेव्हा पक्षी ओळखण्याचा रस्ता बंदुकीतून जात होता. पक्षी पाडायचा, हातात घेऊन पंख पसरून बघायचा. आज तेच काम उडत्या पक्ष्याचा एक स्पष्ट फोटो करतो.

हिवाळ्यात देवबागच्या संगमावर बसलेले तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव लांबून सारखेच दिसतात, कारण त्या ऋतूत दोघांचीही डोकी पांढरी झालेली असतात. पंख उघडला की शंका राहत नाही. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड शुभ्र. मोठ्या कुरवांमधले आणि सुरयांमधले कितीतरी वाद असेच पंखाच्या टोकावर सुटतात. पायात कडं किंवा खूण असलेला पक्षी असेल तर फोटोतून तिच्यावरचा आकडाही वाचता येतो, आणि तो कुठून आला ते कळतं. त्यासाठी चित्र देखणं असण्याची गरज नाही. अडीचशे मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला, कडा कापून मोठा केलेला, थोडा दाणेदार फोटोसुद्धा पुरावा म्हणून तितकाच मोलाचा.

सिंधुदुर्गाच्या खाड्यांमध्ये कोणता पक्षी कधी येतो आणि कधी जातो, याची सलग नोंद बाहेरून दोन दिवसांसाठी येणारा माणूस करू शकत नाही, त्याची लेन्स कितीही मोठी असो. ती वालावल, नेरूर, काळसे, देवबाग, भोगवे इथे राहणाराच करू शकतो. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबरचा, मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो, पाऊस गेलेला असतो, मतलई वारा सुरू झालेला असतो आणि उत्तरेकडचे पाहुणे किनाऱ्यावर उतरायला लागलेले असतात.

तेव्हा कपाटातली झूम काढा. टॉर्च मारून आतली काच बघा. तिथी मोजा, वारा बघा, सूर्य पाठीशी घ्या आणि आपल्याच गावच्या खाडीवर जा. जो फोटो येईल तो तारीख, वेळ आणि ठिकाणासह ई-बर्डसारख्या सार्वजनिक नोंदीत टाका, घरट्याचं ठिकाण सोडून. आणि शेजारच्या मुलाच्या हातात कॅमेरा असेल तर त्याला सोबत न्या.